डॉक्टर ओरेमला माझं मत

प्रिय बाबा,

तुम्ही असताना तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. धसईहून उठलात की शहापूरला माझ्या दारात हजर, मग पत्राचं काय काम? आज लिहायला बसले, कारण काल विलास आला होता. आपल्या गंगूआत्याचा विलास. आत्याच्या तपासणीचा रिपोर्ट त्याने माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मनीताय, तूच वाच. मेडिकलमधी कामाला हायस, तुला कळंल."

कळलं, बाबा. तुमच्या रिपोर्टात जो शब्द होता तोच हिच्यातही होता.

विलास रडला. मग नाक पुसून मुद्द्यावर आला. "आईला नाय सांगायचा. आमचं ठरलंय. तू परवा डोळखांबला ये नि तिला सांग, पोटाला सूज हाय, गोल्या घेतल्या का बरी होशील. मामाला कसं झ्याक सांभाळलंस तू! शेवटपर्यंत कळू दिलं नायस. तुलाच जमंल ते."

झ्याक सांभाळलंस! तुमच्या बाराव्याला पण बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत हेच म्हणत होत्या. "बापाला शेवटपर्यंत हसत ठेवलान पोरीनं." तेव्हा मी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि खरं सांगते, मनातून सुखावलेही होते. काल मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तुम्हाला दुकान आठवतं का हो तिकडे? धसईच्या बाजारातलं, तुमचं टीव्ही दुरुस्तीचं? दुरुस्त झालेला प्रत्येक टीव्ही तुम्ही एकाच चॅनलवर तपासायचात. हिंदीत डब केलेली ती अंतराळाची मालिका! एक संपली की तिच्यातूनच दुसरी निघायची. नवं यान, नवा कप्तान, नवा डॉक्टर. कप्तानाशी तुम्हाला काही देणंघेणं नव्हतं. "मारामारी काय, कोनीपन करतो," म्हणायचात. "आजारी मानसाजवल बसतो कोन, ता बघ."

आणि मग बाजाराच्या दिवशी मतदान! आवडता डॉक्टर कोण? भाजी विकायला आलेल्या बाया, एसटीची वाट बघणारी पोरं, सगळ्यांना तुम्ही मत द्यायला लावायचात. आईचं मत परग्रहावरच्या चार हातांच्या डॉक्टरला. का, तर "चार हात असते तर माज्या भाकऱ्या कवाच झाल्या असत्या." माझं डॉक्टर सेलिनला. तरणीताठी, हुशार, कसलाही आजार असो, भाग संपायच्या आत तिला औषध सापडायचं. "अभी ठीक कर देती हूँ!" म्हणत ती धावतच यायची. कधी खाली बसलेली आठवत नाही मला.

तुमचं मत मात्र कायम त्या थेरड्याला. डॉक्टर ओरेम. हात थरथरतात, यंत्रं अर्धी बंद. रोग्याजवळ आला की पहिल्यांदा स्टूल ओढायचा, बसायचा आणि विचारायचा, "कितना सुनना है?" कुणी म्हणे सगळं सांगा. कुणी म्हणे काही नको. जो जेवढं मागेल तेवढंच त्याला सांगायचा.

"सेलिनचा एकही पेशंट मेला नाही, बाबा!" मी भांडायचे.

"म्हनून तर खोटी वाटते ती," तुम्ही म्हणायचात.

आणि तुम्ही तरी काय वेगळे होतात? कुणी जुना टीव्ही पोत्यात बांधून आणला, तुम्ही उघडून बघितला आणि त्यात राम नसला, की तुम्ही स्टूल पुढे ओढायचात. "बस रे. किती ऐकायचाय?" गिऱ्हाईक हसायचं. मग तुम्ही खरं सांगायचात, ट्यूब गेली, आता यात काय घालू नको, घरी ने नि वर फडका टाक. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा होता. आई किती चिडायची!

मग तुमचं दुखणं आलं. दवाखाना जवळ पडतो म्हणून तुम्ही नि आई माझ्याकडे शहापूरला राहायला आलात. रिपोर्ट पहिल्यांदा माझ्या हाती आला आणि तुम्हाला सांगायचं नाही, हे मीच ठरवलं. आपल्याकडे कोण सांगतं? माणूस हाय खातो, असं सगळेच म्हणतात. मी तर मेडिकलवाली, अर्धी डॉक्टर! गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव तुम्ही वाचाल म्हणून मी त्या काढून ताकदीच्या गोळ्यांच्या बाटलीत भरायचे. किती हुशार समजत होते मी स्वतःला!

तुम्ही मला विचारलं होतंत, बाबा. एकदा नाही, पुन्हापुन्हा विचारलंत. मी बाटली घेऊन खोलीत आले की उशीवरून मान वळवून म्हणायचात, "मने, आज तू कंचा डॉक्टर गो?"

"सेलिन!" मी म्हणायचे. "अभी ठीक कर देती हूँ!" आणि हसत हसत पाण्याचा पेला पुढे करायचे. तुम्ही माझ्यापुढे स्टूल सरकवत होतात, हे मला कळलंच नाही. की कळलं होतं आणि बसायची छाती नव्हती? 

मग ते गंगूआत्याचं. तुम्ही म्हणालात, "गंगीकडं नेशील का एकदा? तिच्या हातची नाचणीची भाकर खायचीय. एक रात रायचंय तिथं." शहापूरहून डोळखांब काय लांब आहे? गाडी करून मी तुम्हाला अलगद नेऊ शकले असते. पण तुमची दशा बघून आत्याला संशय येणार, आणि तिच्या पोटात काही राहत नाही. ती गळ्यात पडून रडेल, तुम्हाला कळेल आणि माझं सगळं नाटक पाण्यात जाईल, ही माझी भीती.

"बरे झालात की जाऊ," मी म्हणाले.

"बरा झाल्यावर म्हंजे? भातकापणीच्या टायमाला?"

"हो हो, भातकापणीला नक्की."

तुम्ही म्हणालात, "बरं. तसं तर तसं." भात अजून पोटरीत होतं, लोंबी बाहेर पडायची होती, तेव्हाच तुम्ही गेलात.

त्याच्या आधीची ती दुपार. टीव्हीवर जुना भाग लागला होता, ओरेमचाच. तो स्टूल ओढून बसला आणि तुम्ही म्हणालात, "बंद कर त्याला. हरला माजा म्हातारा. मला पन आता सेलिनच आवडते."

मी काय केलं, आठवतंय? उडी मारली! इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले होते ना! "आई, बाबा हरले गो, बाबा हरले!" म्हणून ओरडत स्वयंपाकघरात गेले. पेढे तेवढे वाटायचे राहिले होते. आई हसली नाही. ती तांदूळ निवडत होती, तिने सूप अजून जवळ ओढलं. मला वाटलं, तुमच्या काळजीने असेल.

तुम्ही गेल्यावर आत्याला निरोप गेला. ती आली आणि तुमच्या पायाशी बसून एकच बोलत राहिली. "दादा, मला सांगितलं पन नाय रे? एक डाव बोलवलं पन नाय?" सगळ्यांना वाटलं, बहीण आहे, बोलणारच. ती अजून असंच समजते, बाबा, की भाऊ शहरात लेकीकडे जाऊन पडला आणि बहिणीला विसरला. तिचा हा गैरसमज मी आजवर दूर केला नाही. लाज वाटते सांगायला, पण तो माझ्या सोयीचा होता.

काल विलासच्या तोंडून पुन्हा ते "झ्याक सांभाळलंस" आलं आणि आई एकदम बोलली. इतके दिवस गप्प होती ती.

"त्यांना सगलं ठावं व्हता," आई म्हणाली. "पयल्याच आठवड्यात. तू गोल्या बाटलीत भरताना बघितलं त्यांनी. मला म्हनाले, पोरीला कलू देऊ नको मला कललंय म्हनून. माज्यासाठी येवढं खोटं बोलतेय, तिचा मन मोडंल."

विलास माझ्याकडे बघतो, मी आईकडे.

बाबा, असं कुणी करतं का हो? ओरडायचं होतंत माझ्यावर! दुकानात पोत्यात टीव्ही घेऊन आलेल्या परक्या माणसाला तुम्ही खरं सांगत होतात, मग मला का नाही? "मने, बस खाली, मला सगळं ऐकायचंय," एवढं म्हणाला असतात तर? माझा राग येतो मला, आणि थोडा तुमचाही येतो. माझा खोटेपणा उघडा पडू नये म्हणून तुम्ही बहिणीला भेटायचं सोडलंत. वर तुमचा ओरेमसुद्धा सोडलात! आणि मी टाळ्या पिटल्या.

मी विलासला सांगितलं, सूज आहे वगैरे मी बोलणार नाही.

तो भडकला. "आईनं हाय खाल्ली मंजे? मंग मामाला का नाय सांगितलंस तवा?"

"म्हणूनच," मी म्हणाले.

चहा न घेताच गेला तो. रात्रभर मला वाटत होतं, आता आत्याचं घरही तुटलं. आज सकाळी त्याचा फोन आला. "ये तू. पन मी भाईर बसनार. माज्यानं आत बसवनार नाय." हाही माझ्यासारखाच आहे, बाबा, बसायची छाती नाही त्याला. त्याला मी काय नावं ठेवू?

तर उद्या मी डोळखांबच्या गाडीत बसते आहे. आत्याच्या घरी स्टूल नाही, चुलीपुढे पाट आहे. तो ओढून तिच्याजवळ बसेन आणि विचारेन, "आत्या, किती ऐकायचंय?" ती म्हणाली काही नको, तर एक शब्द बोलणार नाही, तिच्या घरची भाकर खाईन आणि दिवसभर तिच्याजवळ राहीन. सगळं म्हणाली तर सगळं सांगेन. थरथरले तरी सांगेन, ओरेमचे हातही थरथरतच होते.

एक गोष्ट मात्र तिने विचारली नाही तरी सांगणार आहे. तिच्या दादाला तिच्याकडे यायचं होतं. त्याने तोंडाने मागितलं होतं. त्याला मी येऊ दिलं नाही. त्यावर आत्याने शिव्या घातल्या, तोंड फिरवलं, काहीही केलं, तरी मी त्या पाटावरून उठणार नाही. हा शब्द आहे माझा.

आणि तुम्ही मत बदललं होतंत ना, ते मी धरत नाही. तुमचं ओरेमलाच. आजपासून माझंही.

तुमची,
मनी