खोट्या लग्नातला आहेर

मुलुंड (पूर्व),
सोमवार, १५ डिसेंबर

ती. भाऊकाका यांस,

शलाकाचा वाकून नमस्कार. (पत्रातल्या नमस्काराला कुणी खरोखर वाकत नाही हे मला माहीत आहे. पण न वाकता तसं लिहायचं मनाला पटेना, म्हणून आत्ता खुर्चीवरून उठून, गाव साधारण ज्या दिशेला असेल तिकडे तोंड करून वाकले. खोलीतल्या दुसऱ्या मुलीला वाटलं माझं पेन पडलं. तीही शोधायला लागली.) तुमचा गुडघा कसा आहे? विहिरीच्या पायऱ्या उतरणं बंद केलंत ना, की काकीसमोर बंद आणि ती देवळात गेली की चालू? काकीचं ब्लडप्रेशर ठीक असावं. माझी तब्येत बरी आहे. पोस्टाचं ट्रेनिंग छान चाललंय. सर म्हणाले, टपाल हातात आलं की ते आपलं नसतं, ज्याच्या नावाचं त्याचंच असतं. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि त्या दिवसापासून माझं जेवणावरचं लक्ष उडालं. कारण तुम्हाला माहीतच आहे.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर जान्हवीताईचं नाव निघालं की तुम्ही "बरां, ठेवतंय" म्हणून ठेवता. पत्र असं ठेवता येत नाही. ठेवलं तरी ते टेबलावर तसंच असतं आणि आपल्याकडे बघत राहतं.

तर, मी निघाले त्या सकाळी तुम्ही मला गोठ्यामागे बोलावून वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं दिलंत आणि म्हणालात, "ह्यां जान्हवीक दी. माझां नाव घेव नको. तू दिलंस म्हणान सांग." एवढं बोलून तुम्ही म्हशीकडे वळलात. काका, तुम्ही तीन वर्षं ताईशी बोलला नाहीत. तिने प्रबुद्धभावोजींशी कोर्टात लग्न केलं, जातीबाहेर केलं, त्या लग्नाला तुम्ही गेला नाहीत. आणि त्याच पोटच्या मुलीला स्वतःहून पहिल्यांदा काही पाठवताय, तेही माझ्या हातून! शिवाय तुम्ही माझी दोन्ही बाजूंनी कोंडी केलीत. "मी दिलं" म्हणावं तर ते खोटं. "काकांनी दिलं" म्हणावं तर शब्द मोडला. (लहानपणी दुकानदाराने चुकून जास्त दिलेली एक लिमलेटची गोळी परत करायला भर उन्हात मला कुणी पाठवलं होतं, ते आठवा. घरातली पहिली पदवीधर मी असेन, पण माझं खरं शिक्षण त्या उन्हात झालं. तेव्हा माझ्या या सवयीबद्दल तक्रार करायचा हक्क तुम्हाला तरी नाही.)

पहिल्या रविवारी मी पुडकं घेऊन अंधेरीला ताईकडे गेले. तिने बांगड्याचं तिखलं केलं होतं. मी जेवले, भांडी घासली, आणि पुडकं परत घेऊन मुलुंडला आले. पोस्टात नोकरी लागलेल्या मुलीने नऊ दिवस एक पार्सल पोचवलं नाही, हे खात्याला कळलं तर काय होईल कोण जाणे.

आता परवाच्या शनिवारचं. गावाहून पाहुणी आली आहे, तिला काहीतरी मुंबईचं दाखवावं म्हणून भावोजींनी एका नाटकाची तीन तिकिटं काढली. हे नाटक थिएटरात नसतं. वर्सोव्याकडे जाताना एक हॉल आहे, तिथे गोल टेबलांभोवती बसायचं, जेवायचं, आणि आपल्या अवतीभवती नटमंडळी नाटक करतात. नाटक म्हणजे एक लग्न, आणि पाहुणे म्हणजे आपण. त्यामुळे तिकीटही लग्नपत्रिकेसारखं छापलेलं, वर गणपती, खाली "आमची गोड छकुली" वगैरे. मी ती पत्रिका तीनदा वाचली. "कृपया आहेर आणू नये" असं कुठेही छापलेलं नव्हतं. मागची बाजूसुद्धा पाहिली.

काका, आपल्याकडे लग्नाचं जेवून रिकाम्या हाताने कुणी उठलंय का? मी भावोजींना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "अगं, ते नाटक आहे." मी म्हटलं, नाटक आहे, पण जेवण खरं आहे ना? यावर ते म्हणाले, "पॉइंट आहे तुझा. आण." (ते हसत होते हे आता माझ्या लक्षात येतं.) म्हणून मी घाटकोपरला उतरून मेट्रो पकडण्याआधी दोन टॉवेल घेतले, चांगले जाड, आणि वर्तमानपत्रात बांधले. रविवारी ताईकडेच राहायचं असल्यामुळे पिशवीत कपडे होते, आणि तळाशी तुमचं पुडकं होतं. म्हणजे एका पिशवीत वर्तमानपत्राची दोन पुडकी. इथपर्यंत वाचून तुम्ही कपाळाला हात लावला असेल. लावून ठेवा, अजून पुढे आहे.

दारात अत्तर आणि पेढे घेऊन एक करवली उभी होती. तिने विचारलं, "मुलाकडचे की मुलीकडचे?" मी म्हटलं, नक्की सांगता येणार नाही, आम्ही तिकीट काढून आलोय. तिने डोळे मोठे केले आणि आमच्या छातीवर "मुलीकडचे" असे पिवळे बिल्ले लावले. मुलाकडच्यांना लाल. ताई हसत म्हणाली, "बघ, माझ्या लग्नाला मुलीकडचं कुणी नव्हतं, आणि इथे तिघं." ती हसून म्हणाली, पण मी तिच्याकडे बघू शकले नाही, कारण माझ्या पिशवीत तळाशी काय होतं ते मला माहीत होतं.

जेवण आलं. पुऱ्या, मसालेभात, अळूवडी, आणि मुंबई असल्यामुळे पनीरही. वडीलधारं कुणी सुरू करेपर्यंत मी हात लावेना. भावोजी म्हणाले, "अगं, सुरू कर. मुलाचा बाप आता रुसणार आहे, त्यात पंधरा मिनिटं जातात." आणि खरंच तो रुसला. मोठा फेटा, मोठं पोट (खरं की उशी, ते शेवटपर्यंत कळलं नाही), "आमचा मान ठेवला नाही" म्हणत टेबलांमधून फिरू लागला. सगळे हसत होते. पण तो आमच्या टेबलापाशी आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता, म्हणून मी म्हटलं, काका, तुम्ही आधी बसून दोन घास खाऊन घ्या, भांडण जेवल्यावर करा. तो जरा गोंधळला. मग बसला आणि माझ्या पानातल्या दोन पुऱ्या खाऊन हळूच म्हणाला, "थँक्यू गं, दुपारपासून उपाशी आहे." त्यानंतर उठून पुन्हा पहिल्याहून मोठ्याने रुसला. मला फार बरं वाटलं.

मग दिवे मंद झाले आणि नवरीची आई मंचावर येऊन रडू लागली. मुलीची ओटी भरायची होती आणि मुलीकडची माणसं आलीच नव्हती, असं ते नाटकात होतं. तिने हात जोडून विचारलं, "अहो, माझ्या लेकीकडचं कुणीच नाही का हो?" आम्ही पिवळे बिल्लेवाले तीस-चाळीस जण तरी असू. सगळे पनीर खात बसले. मी वाट पाहिली. ती पुन्हा म्हणाली, "कुणीच नाही?" काका, आता तुम्हीच सांगा, नवरी उभी आहे, ओटी रिकामी आहे, आणि आपल्या छातीवर बिल्ला आहे. मी खाली वाकले, अंधारात पिशवीत हात घातला, वर्तमानपत्र लागलं, ते ओढलं आणि तडक मंचावर जाऊन नवरीच्या हातात ठेवलं.

आहेर देणाऱ्यासमोर उघडू नये एवढं त्या नवरीला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिने तिथल्या तिथे दोरा तोडला. टॉवेल निघाले नाहीत. हिरवी साडी निघाली, लाल काठाची. तेवढ्यात मागे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. वळून बघते तर जान्हवीताई, हातात अर्धी पुरी, टेबलांमधून वाट काढत मंचावर येत होती. तिने साडी पाहिलीच नाही. ती फक्त घडी पाहत होती.

कारण काका, तुम्ही स्वतःचं नाव घेऊ नको म्हणालात, पण साडी घडी करून दिलीत. आणि तशी घडी, दोन्ही काठ आत वळवून, शेवटचं टोक खिशासारखं खोचून, टाचणीशिवाय, जगात दुसरं कोण घालतं? मिलच्या फोल्डिंग खात्यात तुम्ही बावीस वर्षं तेच केलंत आणि मिल बंद पडल्यावर घरातले टॉवेल, पडदे, ताईची शाळेची ओढणी, एवढंच कशाला, वाचून झालेला पेपरसुद्धा तसाच घडी घालून ठेवलात. साडीवर तुमची सही करून पाठवली असतीत तरी एवढं स्पष्ट झालं नसतं.

"ही माझ्या बाबांची घडी आहे," ताई म्हणाली.

नवरी मोठी हुशार. ती म्हणाली, "ताई, घडी तुमच्या बाबांची असेल, साडी माझी आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलाचा बाप पुढे येऊन ओरडला, "बघा! मुलीकडचे आधी येत नाहीत, आणि येतात ते आहेर परत न्यायला!" अजून टाळ्या. त्यांना वाटलं हे नाटकातलंच. मग कुणीतरी माझ्या तोंडासमोर माईक धरला.

"ताई, तुम्ही मुलीच्या कोण?"

"चुलत बहीण," मी म्हटलं. (खरं तेच. फक्त कुठल्या मुलीची, ते कुणी विचारलं नाही.)

"साडी कुणी पाठवली?"

"ते सांगायचं नाही असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"तेही सांगायचं नाही."

सगळा हॉल टेबलं बडवायला लागला. जान्हवीताई मात्र माझ्याकडे बघत होती. "शलाके," ती म्हणाली, "नाव नको सांगू. फक्त मान हलव." काका, मान हलवण्याबद्दल आपलं काहीच बोलणं झालेलं नव्हतं. मी हलवली.

मग ताई रडली. नवरीची आई झालेली बाई मघाशी खोटं रडत होती, ती आता खरं रडायला लागली आणि तिचं काजळ पार गालावर आलं. नवरीने साडी ताईच्या हातात दिली. मी धावत जाऊन टॉवेल आणून नवरीला दिले आणि चुकीबद्दल माफी मागितली. ताई परत निघाली तर त्या बाईने तिला थांबवलं, म्हणाली, मंचावरून लेक रिकामी जात नाही, आणि नाटकातला नारळ आणि तांदूळ घेऊन तिथेच तिची ओटी भरली. (नारळ खरा होता. मी नंतर हलवून पाहिला, पाणी होतं.) एवढा वेळ भावोजी खाली एका हातात ताईची पर्स आणि दुसऱ्या हातात माझी पिशवी घेऊन उभे होते. तुम्ही वीस वर्षं मिलमध्ये बरोबर काम करणाऱ्या धम्मपालकाकांच्या डब्यातलं सुकट खाल्लंत आणि अजूनही त्यांची आठवण काढता. तसाच चेहरा आहे भावोजींचा, काका, शांत. ते ताईला एवढंच म्हणाले, "काठ बघ किती घट्ट विणलाय. पारखून घेतलीय त्यांनी."

जेवण गार झालं होतं. मी सगळं संपवलं.

काकीला नमस्कार. माझ्याकडून शब्द मोडला गेला असं तुम्हाला वाटत असेल तर तसं स्पष्ट कळवावं, मी माफी मागेन. पण नाव मी घेतलं नाही, आणि खोटंही बोलले नाही.

आपली,
शलाका

ता. क. नाटकाच्या मॅनेजरला हा प्रवेश फार आवडला. दर शनिवारी येऊन एवढंच करून जाल का, असं त्याने ताईला विचारलं. ती नाही म्हणाली. तरी त्याने शनिवार, सत्तावीस तारखेचे पाच पास दिले. आम्ही तिघं, आणि दोन जास्तीचे. सगळे मुलीकडचे.

ता. क. २. काकीला पुडक्याचं माहीत आहे. मी निघाले तेव्हा पिशवीत कोकमं भरता भरता ती मला म्हणाली होती, "तळाक काय आसा तां मी बघूक नाय, असां समज." ते तुम्हाला सांगू नको असं ती म्हणाली नव्हती, म्हणून सांगते.

ता. क. ३. वर "खोटंही बोलले नाही" असं लिहिलंय ते शनिवारपुरतं खरं आहे. रविवारी सकाळी ताई ती साडी मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारलं, "बाबा कधी येतील का गं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "येणारेत. सत्तावीसला. दोघंही." का बोलले ते मला अजून कळलेलं नाही. भावोजी लगेच उठून बाजारात गेले आणि कडक उशी घेऊन आले, तुम्हाला मऊ उशीवर मान धरते असं ताईने कधीतरी सांगितलं होतं म्हणून. काका, माझ्या आयुष्यातलं हे पहिलं खोटं. पण मी कॅलेंडर पाहिलं. आज पंधरा तारीख आहे. ते अजून खोटं ठरलेलं नाही.