जुन्याच कॅप्सूल

कोल्हापूर, ऑगस्ट २००५

आबा, जयभीम.

साक्षीचा ताप काल उतरला. माझी ही मुलगी तुम्ही अजून पाहिलेली नाही. सकाळी उठून तिनं दूध-भाकरी मागितली, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

टायफॉइड होता आणि नव्या औषधांना दाद देत नव्हता. तिच्या रक्तातले जंतू मी आमच्या लॅबमध्ये वाढवून एकेक औषध लावून पाहिलं. ते मेले एका जुन्याच औषधानं. त्याच कॅप्सूल, ज्या तुम्ही ब्याण्णव साली तुमच्या दवाखान्यातून आमच्या प्रसेनजीतदादासाठी आणल्या होत्या.

तो गेला त्या दिवशी बाबा गडमुडशिंगीत चारचौघांत तुम्हाला म्हणाले, "कंपाउंडर म्हणून मिरवतोस आनि सख्ख्या पुतण्याला डुप्लिकेट गोळ्या घालतोस व्हय?"  तुम्ही राधानगरीला गेलात ते परत आला नाहीत.

पुढं मी याच तापावर संशोधन केलं. जुने रिपोर्ट चाळताना दादाचाही सापडला. त्या साली ते औषध जंतूंवर चालतच नव्हतं. मग डॉक्टरांनी ते देणं सोडलं, जंतूंची त्याची सवय मोडली, आणि आता ते पुन्हा चालायला लागलंय. तुमचा काही दोष नव्हता, आबा.

रिपोर्ट सापडून तीन वर्षं झाली. बाबा होते तोवर माझी जीभ रेटली नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. साक्षीला ताकद आली की तिला घेऊन मीच येते. त्या दिवशी तुम्ही पुढं केलेला पाण्याचा तांब्या मी ढकलून दिला होता. आल्या आल्या तुमच्याकडं पाणी मागणार आहे.

तुमची पुतणी,
प्रीती