एक ते चार, पप्पा घरी

१० नोव्हेंबर, सोमवार. दुकानात, सकाळी ११.१०

शाळेची चिठ्ठी आली. सहा डिसेंबरला पालकदिन. आमची झरणा, इयत्ता पाचवी, स्टेजवर दोन मिनिटं बोलणार. विषय : मी आणि माझे पप्पा.

गेल्या वर्षीही हाच विषय होता. झरणाबाईसाहेब बोलल्या, छान बोलल्या. रेसकोर्सवर सायकल शिकलो, पतंगाला मांजा लावला, गोळा खाऊन जिभा लाल केल्या. ही सगळी मजा वरच्या मजल्यावरच्या रसेशभाईंनी करवलेली! भाषण संपताच प्रिन्सिपल मॅडम आल्या आणि झरणाच्या आग्रहाने आलेल्या रसेशभाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, वडील असावेत तर असे. मी शेजारच्याच खुर्चीत होतो. टाळ्या वाजवत होतो.

यंदा भाषण माझ्यावर होणार. म्हणजे होणारच.

११.४०

वेळ कुठून काढायचा? मुलं पाऊणला शाळेतून येतात. सव्वाचारला ट्यूशन, मग कथनचं (इयत्ता दुसरी) स्केटिंग, झरणाचं अबॅकस. मी पंपाचे स्पेअर पार्ट विकून घरी पोचतो साडेनऊला, तोवर दोघं झोपलेली. जागृती बँकेतून सहाला येते. रविवारी कुणाचं तरी लग्न, नाहीतर कुणाकडे तरी सांत्वन.

उरले दुपारचे एक ते चार. तेव्हा अख्खं राजकोट शटर ओढून आडवं होतं. मीही आजवर दुकानातच पसरून गावाच्या रीतीला मान दिला. आता बस्स. गावाने खुशाल झोपावं, धवल वसाणी झोपणार नाही. मुलांना निवांत वेळ देणार!

११ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी ४.२०

टाइमटेबल लॅमिनेट करून फ्रिजवर लावलं. १.१० जेवण. १.४० निवांत गप्पा. १.५५ निवांत खेळ. २.१० निवांत वाचन. असं थेट ३.५० पर्यंत. कथनने विचारलं, निवांत म्हणजे काय. म्हटलं, घाई न करता. चल, आटप लवकर, १.४० झाले.

पहिला दिवस दणक्यात. जेवायला बाजरीचा रोटला, वांग्याचं भरीत, गूळ, तूप, वर दोन ग्लास ताक. गप्पांसाठी जमिनीवर गादी टाकली. नुसती पाठ टेकली. झरणा शाळेतलं काहीतरी सांगू लागली, मी डोळे मिटून एकाग्रतेने ऐकलं. डोळे उघडले तर ३.५२. गप्पा रंगल्या की वेळ कसा जातो कळत नाही!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गोंडलचं एक गिऱ्हाईक इंपेलर घ्यायला आलं आणि इंपेलर सोडून माझ्या पायांकडे बघत बसलं. खाली बघतो तर दहाही नखं गुलाबी.

मी जागाच होतो. क्षणभर पापणी लवली असेल, तेवढ्यात कार्ट्यांनी काम साधलं. दहा नखं, प्रत्येकी दोन हात, वर चमकी. मुलांचा हात भलताच चपळ आहे. रात्री जागृतीला सांगितलं तर म्हणाली, तुमच्या पापणीला वजन फार. बँकेतल्या माणसांना कल्पनाशक्ती नसते.

१६ नोव्हेंबर, रविवार

जागृतीच्या मामेभावाचा साखरपुडा. चौघं एकत्र, निवांत : पार्किंग शोधताना, अकरा मिनिटं.

१९ नोव्हेंबर, बुधवार. ४.३०

नवा कॅरम आणला. १.५५ ला पहिला स्ट्रायकर मी मारला, हे पक्कं आठवतं. नंतर काय झालं ते कागदावर आहे : झरणा ११, कथन ९, पप्पा ०. शून्याला मिशा काढल्यात. माझ्या पोटावर सोंगट्यांचा मनोरा होता. मी उठलो तो कोसळला आणि दोघांनी आरडाओरडा केला की, पप्पा, हललात कशाला, सातवी ठेवणार होतो!

मुलांना जिंकू द्यावं. आत्मविश्वास वाढतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ताक बंद. भरीत बंद. जेवणानंतर दोन कप कडक कॉफी. आज गोष्ट सांगायची ठरवली होती, माझ्या लहानपणीची, मोटर विहिरीत पडली ती. मोटर विहिरीत पडली, आणि...

पुढचं मुलांनी रचलं म्हणे. रात्री जागृतीने सांगितलं, कथनच्या गोष्टीत मोटरीला विहिरीत मगर भेटली आणि दोघांचं लग्न झालं. पोरांची प्रतिभा जागी केली मी. रसेशभाईंनी काय केलं? सायकलमागे पळाले. पळायला काय, कुणीही पळेल.

कॉफीचा दर्जा हल्ली घसरलाय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. ४.१५

आज जागा होतो! म्हणजे रोज असतोच, पण आज उभा होतो. डोक्यावर ओला टॉवेल, गळ्यात शिट्टी. टाइमटेबल तंतोतंत पाळलं. १.५५ ला शिट्टी, खेळ. २.१० ला शिट्टी, वाचन.

मुलांनी मात्र हिरमोड केला. कथन दर पाच मिनिटांनी विचारी, पप्पा, आज झोपायचं नाही का? चौथ्यांदा विचारताना त्याचा ओठ थरथरला. झरणाने उशी आणून दिली, पांघरूण आणून दिलं, पंखासुद्धा एकवर केला. केवढी काळजी बापाची! म्हटलं, बेटा, तुमच्यासाठी झोप काय, काहीही सोडेन. त्यावर दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू शाळेला सुट्टी जाहीर होऊन रद्द झाली असावी.

२.२० ला दोघंही झोपली. मी एकटा कॅरम खेळलो. जिंकलो.

१ डिसेंबर, सोमवार

झरणाला भाषणाचे मुद्दे काढून दिले. एक, पप्पांचा त्याग. दोन, पप्पांचं नियोजन. तीन, कॅरम. ती म्हणाली, माझं लिहून झालंय. दाखव म्हटलं तर वही पाठीमागे. अडदियाचे, म्हणजे उडदाच्या मिठाईचे, दोन तुकडे देऊ केले. तुकडे खाल्ले, वही दिली नाही.

ही मुलगी व्यापारात नाव काढणार.

५ डिसेंबर, शुक्रवार

उद्या. नवा शर्ट इस्त्री करून आणला. प्रिन्सिपल मॅडमना द्यायचं उत्तर आरशासमोर म्हणून पाहिलं : मी काही विशेष केलं नाही, फक्त वेळ दिला. दुसऱ्या वेळी आवाज थोडा भरून आला, तो तसाच ठेवणार आहे. जागृती दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, जरा जपून.

६ डिसेंबर, शनिवार. दुपारी १

आठवेल तसं लिहितो.

झरणा म्हणाली, माझे पप्पा सकाळी घाईत असतात. गाडीत फोनवर असतात. जेवताना घड्याळ बघतात. पण रोज एक चाळीसला ते झोपतात, आणि मग आमचे होतात.

हॉल हसला. मीही हसलो, सगळ्यात मोठ्याने.

ती पुढे म्हणाली, तेव्हा ते कुठेच निघालेले नसतात. आम्ही त्यांना नेलपॉलिश लावतो, त्यांच्यावर सोंगट्या रचतो. कथन त्यांच्या पोटावर डोकं ठेवतो, पोट वरखाली होतं, त्याला ते फार आवडतं. मी त्यांना शाळेतलं सगळं सांगते. ते मध्येच लवकर सांग म्हणत नाहीत. आमचा एकच नियम आहे, त्यांना जागं करायचं नाही. जागे झाले की ते टाइमटेबल लावतात.

टाळ्या थांबेनात. रसेशभाईंनी चक्क डोळे पुसले. प्रिन्सिपल मॅडम आल्या, या वेळी बरोबर माझाच हात धरला. म्हणाल्या, वडील असावेत तर असे.

फक्त वेळ दिला, हे कुठल्या तोंडाने म्हणणार?

झोपत होतो मी. रोज. दोन तास दहा मिनिटं. लिहून टाकलं एकदाचं.

आणि शिट्टी वाजवली त्या दिवशी पोराचा ओठ का थरथरला, ते आत्ता कळलं. फार वाईट वाटतंय.

८ डिसेंबर, सोमवार. ४.१०

टाइमटेबल फाडलं. लॅमिनेट केलेलं फाटत नाही, कात्रीने कापलं.

जेवून १.४० ला गादीवर पडलो. झोपेचा पत्ता नव्हता, पण डोळे घट्ट मिटून घेतले. मनाशी ठरवलं, आज सगळं ऐकायचं. झरणा शाळेतलं सांगेल, कथन पोटावर डोकं ठेवेल. हा एवढा मोठा आनंद रोज माझ्या अंगावर बसून जात होता, आणि मला पत्ता नव्हता.

पावलं आली. कथनचं डोकं पोटावर टेकलं. गरम, जरासं ओलं, तेलाचा वास. मी श्वास जपून घेतला. डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते आतल्या आत ठेवलं.

अर्ध्या मिनिटाने डोकं उचललं गेलं. कथन कुजबुजला, दीदी, आज पोट नीट हलत नाही. झरणा अगदी जवळ आली. तिचा श्वास माझ्या गालावर लागत होता. म्हणाली, नाटक करतायत. जागे आहेत.

मी घोरून पाहिलं. चांगलं घोरलो, मनापासून.

कथन म्हणाला, पप्पा, खरं खरं झोपा ना.

म्हटलं, प्रयत्न करतोय, बेटा. दोघं भिंतीला टेकून बसली आणि वाट बघू लागली. ३.५० पर्यंत बसली. मला झोप आली नाही.