ज्याला ‘नव्हे’ म्हटले ते

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. ३ नोव्हेंबर १९५३

ती. स्व. हंबीरदादास,
धाकटी बहीण अंबूचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या आजऱ्याहून बाळासो यांचे पत्र आले. त्यांच्या मुलासाठी, कृष्णातसाठी, आमच्या विमलेला मागणी घातली आहे. पत्र देवापुढे ठेवले, हळदकुंकू वाहिले आणि मग संशय घेत बसले. स्थळ चांगले दिसते, पण पत्र फारच चांगले आहे. मुलगा माडासारखा, शेत आरशासारखे, घर देवळासारखे. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला एवढ्या उपमा कुठून सुचल्या? पुढे तर असे, की ‘कृष्णातचे ते मौन नव्हे, ती खानदानी मर्यादा आहे.’ मौनाबद्दल आम्ही काही विचारलेच नव्हते.

आमचे हे म्हणतात, तू मिठातसुद्धा खडे शोधशील. शोधीन. विमला एकुलती एक आहे. तुम्ही त्याच गावात मास्तर, कृष्णात तुमच्या हाताखाली शिकलेला. मुलात काही उणे आहे का, एवढेच कळवा. कार्ड पुरे, पाकीट नको.

माया आहे तशी राहू द्यावी.
अंबू

---

आजरा
ता. ९ नोव्हेंबर १९५३

चि. सौ. अंबूस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून हसू आले. अगं, अलंकार म्हणजे खोटेपणा का? आई लेकराला राजा म्हणते, म्हणून कोणी त्याचे राज्य बघायला जात नाही. मागणीचे पत्र सजवूनच लिहायचे असते. नवरामुलगा बोडक्या डोक्याने येतो का मांडवात? बाळासो सरळ माणूस. कृष्णात शेतीत वाघ, गणितात वाघ, आईच्या सेवेत पहिला. ही भलावण नव्हे, ही मामाची कळकळ आहे.

(मधली तीन पाने पाऊसपाणी, शाळा आणि तुझ्या वहिनीचे गुडघे यांत गेली, त्याबद्दल क्षमा.) फार चिकित्सा करू नकोस. दादावर भरवसा ठेव.

हंबीरराव

---

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कोल्हापूर
ता. १४ नोव्हेंबर १९५३

ती. स्व. दादास शि. सा. न.

चार पाने पाठवलीत. मी विचारले होते त्याचे उत्तर एकाही पानावर नाही. म्हणून आज पूजा आटोपल्यावर दोन्ही पत्रे पाटावर शेजारी ठेवली. बाळासोंच्या पत्रात स्तुती तिनातिनाने: मुलगा, शेत, घर. तुमच्या पत्रातही तिनानेच: शेती, गणित, आई. तिथे ‘मौन नव्हे, मर्यादा’. इथे ‘भलावण नव्हे, कळकळ’. अक्षर परके आहे दादा, पण मजकूर तुमचा आहे.

मॅट्रिकच्या वर्षी अपह्नुती अलंकार तुम्हीच मला शिकवलात. हे केस नव्हेत, हा काळा ढग आहे, असे कवी म्हणतो. मी विचारले होते, की मग खरे डोक्यावर काय असते? तुम्ही म्हणालात, वेडे, केसच. ज्याला ‘नव्हे’ म्हटले तेच खरे तिथे असते. मग कृष्णातचे मौनही खरेच. तो मुका आहे का? सख्ख्या भाचीला असे अंधारात कसे लोटता हो तुम्ही? शेजाऱ्यापाजाऱ्यांवर मी रोज संशय घेते, त्याचे काही वाटत नाही. तुमच्यावर घ्यावा लागला, आज जेवण गोड लागले नाही.

खरे कळवा. आठ दिवसांत आले नाही तर नकार धाडते.

अंबू

---

आजरा
ता. २० नोव्हेंबर १९५३

सौ. अंबूबाईस्नी बाळासोचा रामराम.

मास्तर लिवत्यात, मी सांगतोय. बोलतो तेवढंच लिवा, पदरचं काय घालू नगा, असं बजावलंय. पोरगं मुकं न्हाय. बोलताना अडखळतंय. ल्हान हुतं तवापास्नं. नवखं माणूस दिसलं की एका शब्दाला लई येळ लागतोय, मग गपच बसतंय. आधी दोन जागी ह्ये सांगितलं, दोन्हीकडनं नकार आला. म्हणून मास्तर म्हणालं, आता मी झाक सजवून पत्र लिवतो. मास्तरांचं अक्षर वळखू येऊ नये म्हणून माझ्या पुतणीनं त्ये उतरून काढलं. मला कळत हुतं, तरी मी गप बसलो. चूक माझीबी हाय की. पोराचं डोकं चांगलं हाय, हात चांगला हाय. तुमच्या पोरीला नको असंल तर सरळ न्हाय म्हणा, राग न्हाय.

मास्तरांच्या डोळ्यातनं पाणी कार्डावर पडाय लागलंय, म्हणून थांबतो.

बाळासो

---

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कोल्हापूर
ता. २५ नोव्हेंबर १९५३

ती. स्व. दादास शि. सा. न.

कार्ड पोचले. माझा राग गेलेला नाही, तो भेटीत काढीन. कार्ड विमलेच्या हाती दिले. तिने ते दोनदा वाचले. बाळासोंच्या नावाचे तुमचे सजवलेले पत्रही मागून घेतले आणि अर्धे वाचून परत दिले. मी तिला स्पष्ट विचारले, असल्या माणसाबरोबर जन्म काढवेल का तुला? खरे सांगते, ती नको म्हणाली असती तर मी सुटले असते. पण ती म्हणाली, ऐकल्याशिवाय कसे सांगू?

मुलीने मुलाकडे जायची रीत नाही. मामाकडे जायला मात्र कोणाची आडकाठी नाही. तेव्हा येत्या रविवारी आम्ही दोघी येतो. कृष्णातला घरी बोलावून ठेवा आणि मध्ये एक अक्षर बोलू नका. मी दुपारच्या गाडीने निघू म्हणत होते. विमलेने ऐकले नाही. म्हणते, पहिल्या गाडीने जाऊ. त्यांना बोलायला वेळ लागतो, तर सगळा दिवस हाताशी हवा.

रागावलेली, तरी तुमचीच,
अंबू