दुपारची बाजू

प्रिय अक्का,

आज मी तुझं ऑफिस विकून टाकणार होते. त्याचं पुढे काय झालं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको, म्हणून लिहितेय.

तू गेलीस तेव्हा लोकांचे अर्ज अर्धवट राहिले होते. कुणाची पेन्शन, कुणाचं रेशनकार्ड. तेवढे संपवायचे आणि कुलूप लावायचं, असं ठरवून मी पिंप्राळ्याहून स्कूटरने जुन्या गावातल्या तुझ्या गल्लीत येऊ लागले. चार चाकांवरची ती पत्र्याची केबिन! आत दीड माणूस मावेल. गुडघे प्रिंटरला लागतात. मी सगळा जन्म कचेरीत काढला; याला ऑफिस म्हणायचं?

आणि तुझी ती रोजची मिरवणूक! सकाळी सावली मेडिकलच्या भिंतीशी, दुपारी समोर रशीदभाईंच्या शिलाईच्या दुकानाशी. सावली सरकली की अर्ज भरायला आलेली माणसंच उठायची आणि केबिन ढकलत गल्लीपलीकडे न्यायची. वीजही तशीच, सकाळी मेडिकलची, दुपारी रशीदभाईंची. आलेल्या माणसाला कोणी गाडा ढकलायला लावतं का गं?

मी शिस्त लावली. केबिन मेडिकलपाशीच ठेवली, चाकांखाली विटा घातल्या, वर ताडपत्री बांधली. घरी चार्ज केलेली बॅटरी स्कूटरवरून आणू लागले. कोणाचे उपकार नकोत.

झालं भलतंच. गल्लीच्या समोरच्या बाजूची माणसं यायची थांबली. मला वाटलं, तिथलं काम संपलं असावं. जामनेरच्या एका रसवंतीवाल्याला केबिन हवी होती. त्याला हो म्हणून टाकलं.

परवा समोरच्या गिरजाबाई पापड वाळत घालताना माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ताई, आमनं काय चुकनं? बठ्ठा इचारतस."

आमचं काय चुकलं, असं सगळे विचारतात म्हणे. मला काही कळेना. मग त्यांनीच उलगडून सांगितलं. अक्का अर्धा दिवस त्या बाजूची, अर्धा दिवस आमची. तुम्ही तिकडेच बसलात, म्हणजे आमच्यावर राग असणार.

हे तू मला का सांगितलं नाहीस? शेवटच्या दिवसांत दवाखान्यात शेवभाजीच्या तिखटापर्यंत सगळं बोललो आपण!

तरी रसवंतीवाल्याला शब्द दिला होता. आज दुपारी टेम्पो आला. मी विटा काढल्या आणि म्हटलं, जरा हात लावा. दोन्ही बाजूंनी माणसं आली. टेम्पोकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. सवयीने सगळ्यांनी केबिन सरळ गल्ली ओलांडून रशीदभाईंच्या दाराशी नेऊन लावली. रसवंतीवाला मागून "अहो, इकडे, इकडे" करत राहिला.

रशीदभाईंनी मशीनवरून मान वर न करता खिडकीतून विजेचा बोर्ड बाहेर दिला. म्हणाले, "आज देर झाली, ताई."

मी काय करणार? प्लग लावला. रसवंतीवाल्याला चहा पाजला आणि रिकाम्या टेम्पोसकट परत पाठवलं. तोवर गिरजाबाई स्टूल ओढून पहिल्या नंबरला बसल्या होत्या.

अक्का, मी तुझ्यासारखं गोड बोलणार नाही. रांग मोडली तर रागावणारच. पण सावली सरकली की केबिन सरकेल, एवढा शब्द देते. आणि ढकलायला मीही उतरेन. तू मात्र आत बसून राहायचीस, हेही गिरजाबाईंनी सांगितलंय मला!

तुझी धाकटी,
सुमन