टाकीची मागची काच

सोम. ३ फेब्रु. १९९७
फिल्टर धुतला. पाणी १/४ बदललं. एंजल २, मॉली ४, गप्पी ११. सगळे खातात.
हॉल आणि किचनच्या मधल्या भिंतीतल्या चौकोनात टाकी बसवली, ती माझी कल्पना. ऐरोलीत आमच्या सेक्टरला अशी दुसरी नाही. दोन्हीकडून मासे दिसतात. कंपनी चालू होती तोवर ठीक होतं. रबाळ्याच्या गेटला टाळं लागून सात महिने झाले. तेव्हापासून मी दिवसभर हॉलमध्ये खुर्चीवर, सौ. किचनमध्ये, मध्ये पाणी.
आज इकडून म्हटलं, ‘कांदा जाड चिरतेस.’
सौ.ने सुरी खाली ठेवली. ‘क्वालिटीला तुमच्या हाताखाली वीस माणसं होती. आता तपासायला मी एकटीच उरले का? ती मागची काच बंद करा. नाहीतर मी चालले कराडला, दादाकडे. परत यायचं की नाही ते तिथं गेल्यावर बघीन.’
कांदा जाड होता, हे खरं.

मंगळ. ४
बॅग माळ्यावरून खाली आली. कॉटखाली ठेवलीय. रिकामी. शनिवार २२ पर्यंत थांबते म्हणाली.
वाशीला जाऊन मागे चिकटवायचे तयार सीन बघितले. प्लॅस्टिकचे. लाल पोवळी, आणि पुढे आपले गोड्या पाण्यातले मासे! दुकानदाराला सांगितलं, त्याला फरक पडत नव्हता. नको. स्वतः रंगवणार. चित्रकला कुणाकडे शिकलो नाही. बोर्ड पेंटरच्या मागे उभा राहून बघितलं, बाकी हाताने.

गुरु. ६
रंग बाहेरूनच लावायचा, म्हणजे किचनच्या बाजूने. काच स्पिरिटने दोनदा पुसली. ऑइल पेंट, टर्पेंटाइन, ब्रश नं. २ आणि ६. टाकीवर ओलं फडकं, एअर पंप बंद. पंप वास ओढून पाण्यात सोडतो.
ओट्याशेजारी स्टूल टाकून बसलो. सौ. : ‘आधी नुसती नजर होती. आता अख्खा माणूस आला.’
निळा हात एकसारखा बसला. एक ओघळ नाही.

शनि. ८
निळ्यावर दगड, पाणवेली. दोन दिवस. किचनमधून उत्तम. हॉलमध्ये येऊन बघतो तर नुसता सपाट निळा. बाकी काहीही नाही.
काचेच्या पाठीवर काढायचं तर क्रम उलटा. सगळ्यात पुढचं आधी, पाणी शेवटी. पहिला लागलेला हात तोच समोर दिसतो, वरून मग कितीही लावा. मला हे कळायला हवं होतं. मला.
शेजारचे गायकवाड डोकावले. ‘साहेब, मस्त फळा केलाय. खडू आणून देऊ?’
सौ. तोंडाला पदर लावून हसली. बराच वेळ. याआधी कधी हसली होती आठवत नाही. मला काही वाटलं नाही. लिहून ठेवतो.
शेरा : नापास.

सोम. १०
दाढीच्या ब्लेडने सगळं खरवडलं. चार तास. ‘एक कपचा जरी पिठात पडला ना...’ ब्लेड उचलून तिने चमच्यांच्या खणात टाकलं. तिथं ठेवू नये. म्हणणार होतो.

बुध. १२
पुन्हा सुरुवात. आधी पानाच्या शिरा, मग पान. मग मागचं पान. एका वेलीला अर्धा दिवस.
दुपारी ओट्यावर ऊन येतं. सौ. तेव्हा उभ्याउभ्याच जेवते. बावीस वर्षांत मला माहीत नव्हतं.
‘बसून का नाही जेवत?’
‘सवय.’
कांदा आजही जाड.

शुक्र. १४
एक मॉली गेली. वासाने की वयाने, सांगता येत नाही. सौ. तुळशीच्या नको म्हणाली, मोगऱ्याच्या कुंडीत पुरली.
कंपनीतल्यांचा निरोप, उद्या गेटवर मीटिंग. जाऊन काय...

सोम. १७
मीटिंगला गेलो नाही. दगड झाले. आज निळा.
या बाजूला बसलं की उरलेल्या काचेतून हॉल दिसतो. माझी खुर्ची. उशीला खळगा पडलाय. शेवटच्या हातात खुर्ची गेली.
वर काळा, उजेड येऊ नये म्हणून. सौ. भांडी पुसत उभी होती.
‘तुमच्या बाजूला नदी. आणि माझ्या बाजूला नुसतं काळं?’
हे मी धरलंच नव्हतं.
‘बंद कर म्हणालीस.’
‘हो. म्हणाले होते.’

गुरु. २०
रंग वाळला. हॉलमधून चित्र पास. पानांची खोली नीट येते, एंजल पुढून गेला की खरंच वाटतं. गायकवाड आले, नुसते बघत उभे राहिले.
किचनमधले आवाज येतात. माणूस दिसत नाही. दुपारी जेवते का, कळायला मार्ग नाही.
कॉटखाली बॅग हलवून बघितली. रिकामी नाही.

शुक्र. २१
सकाळी चित्रात दोष दिसला. वरून तीन इंचांवर, उजव्या वेलीच्या बाजूला. रंग गेलेला, अर्धा इंच चौकोन. नख लागून किंवा भांडं लागून असं होत नाही. ब्लेड सरळ धरून, चारही बाजू कापून काढलेला आहे. कडा स्वच्छ.
नं. २ चा ब्रश घेऊन किचनमध्ये गेलो. सौ. कणीक मळत होती. वर बघितलं नाही. ‘काही हवंय?’
‘नाही.’
ब्रश ठेवून दिला. येऊन खुर्चीत बसलो. इथून त्या चौकोनातून फक्त ट्यूबलाइट दिसते, बाकी काही नाही. तो माझ्या डोळ्याच्या उंचीला नाहीच. ओट्याशी उभं राहणाऱ्याच्या उंचीला आहे.
बॅग तिथंच आहे. उद्याची एस.टी. सकाळी सातची.
मघाशी चौकोनातला उजेड गेला, किचनच्या दारातला होता तसाच. थोडा वेळ तसाच काळा राहिला. मग परत आला.
मी सरळ बसलो.