फुटक्या कुंडीतली मासोळी

प्रिय सोन्या,

पन्नाशीच्या माणसाला सोन्या म्हणू नये, असं सूनबाईंचं मत आहे. असू दे. आधी बातमी ऐक: माझ्या आफ्रिकन सिक्लिडला पिल्लं झाली. बोटाएवढी मासोळी, पोट जांभळट, आणि तोरा असा की टाकी जणू तिच्या बापाची! आडव्या ठेवलेल्या फुटक्या कुंडीला ती गुहा समजते. आतून छताला अंडी चिकटवली आणि आठवडाभर तिथून हलली नाही. नर बाहेर पहारा देत होता. मी काचेवरचं शेवाळ पुसायला हात घातला, तर दोघं मिळून माझ्या करंगळीवर धावून आले.

मागच्या वर्षी मी बाजारात गेले असताना तू टाकी चकचकीत केली होतीस. प्रेमाने केलंस, माहीत आहे. पण फिल्टरचा कळकट स्पंज नळाखाली धरून पार पांढरा केलास. अरे, पाणी शुद्ध ठेवणारे जंतू त्या मळातच राहतात. बत्तीस वर्षं मी प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासलं, पाणी तपासायला मला कितीसा वेळ लागतो? तू गेल्यावर चौथ्या दिवशी तिचा आधीचा नर मेला. तो म्हातारा झाला होता, असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. नवा आणला, तर तिने त्याला दोन महिने कोपऱ्यात डांबून ठेवलं. बाईंना घाई नव्हती.

आता दुसरं खोटं. तुला सांगितलं तशी मी बाथरूममध्ये पडले नव्हते. टाकीचं पाणी बदलताना बादलीसकट घसरले आणि पाऊण तास फरशीवर होते. हो, घाबरले. अजूनही ओल्या फरशीवर पाय टाकताना आधी भिंत धरते. पण खालच्या मजल्यावरच्या प्लंबरने टाकीपासून मोरीपर्यंत नळी जोडून दिली आहे, त्यामुळे बादली बंद. त्याच्या बायकोकडे किल्ली आहे, ती रोज सकाळी डोकावते. आणि पडलं म्हणून चालणं सोडायचं असतं, तर तू अजून रांगत असतास.

तुझ्या घरात माझ्यासाठी तयार केलेली ती खोली छान आहे. खिडकी मोठी, पलंग नवा. तिथे सगळे माझी काळजी घेतील, आणि मला दिवसभर करायला काहीच उरणार नाही. त्याचीच मला धास्ती वाटते.

तू पाठवलेला शोभेच्या माशांचा दुकानदार काल टाकी न्यायला आला होता. त्याला चहा पाजून परत पाठवलं. शनिवारी माझं सामान न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्यालाही नको म्हणून कळवलं. फोनवर तुझा आवाज जड झाला की मी हो म्हणते. या वेळीही तशीच हो म्हणून बसले. म्हणून हे कागदावर लिहिते आहे, इथे तुला मला मध्येच तोडता येत नाही. रागाव, हवं तर रड. मीही इथे रडतेच आहे. पण मी येणार नाही.

तुझीच,
हट्टी आई